तेकलाचं नाव गाळू नकोस

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या गिरीज गावात आधी चुन्याचा वास येतो. मेलेल्यांचा दिवस दोन तारखेला असतो, पण तयारी आठवडाभर आधी सुरू होते. माणसं कोयते, बादल्या, केरसुण्या घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत जातात, पावसात माजलेलं गवत कापतात, कबरीच्या कडेच्या विटांना चुना फासतात. त्या दिवसांत शेवंतीवाला भाव सांगताना आपल्याकडे बघतसुद्धा नाही. घ्यायची तर घ्या, मेलेली माणसं तुमची आहेत, माझी नाहीत, असा त्याचा एकूण आविर्भाव. आणि आपण घेतो. देवासमोर घासाघीस करवते एक वेळ, पण आईबापांच्या उशाशी उभं राहून करवत नाही.

हवाही त्याच सुमारास बदलते. भात कापून झालेलं असतं, खाचरांत नुसती धसकटं उभी. वाडीतल्या केळींची पानं पावसाने फाटून चिंध्या झालेली असतात आणि आता त्यांच्यामधून ऊन खाली पडतं. संध्याकाळी विहिरीच्या बाजूने गारवा येतो, कुठेतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. पूर्वी सहा वाजता वाडीवर नीट काळोख व्हायचा. आता नालासोपाऱ्याकडच्या इमारतींचा उजेड आभाळाला लागतो आणि काळोख म्हणावा तसा होतच नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीत कुणी दिवा तसाच ठेवून गेल्यासारखं वाटतं.

मला हा महिना नकोसा होतो. तसं कुणाला सांगायला गेलं तर म्हणतील, बस्त्याव म्हातारा झाला. झालोच आहे. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, लग्न केलं नाही, आईबाप गेले, आणि गेल्या वर्षी आत्याही गेली. घर मोठं आहे, चिंचेखालचं घर म्हणतात. चिंच माझ्या बापाच्या काळातच तोडली, पण नाव गेलं नाही. आमच्या आडनावाची घरं या गावात इतकी की नुसतं आडनाव विचारत आलेला पोस्टमन तासभर फिरेल. म्हणून प्रत्येक घराण्याला असं एक पोटनाव. आम्ही चिंचेखालचे. आता 'आम्ही' म्हणजे मी.

एकट्याचं खाणंपिणं जमतं हो. वरणभात लागतो किती? अंगवळणी पडत नाही ती संध्याकाळची रोझरी. ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांना सांगतो. रोझरीतली प्रार्थना दोन तुकड्यांत असते. एकाने पहिला अर्धा म्हणायचा, 'नमो मारिये' म्हणून सुरू होतो तो, आणि बाकीच्यांनी दुसरा अर्धा, 'पवित्र मारिये'. एकाने टाकायचा, दुसऱ्यांनी झेलायचा. ही प्रार्थना एकट्या माणसासाठी बांधलेलीच नाही. एकटे असलात की दोन्ही अर्धे तुम्हीच म्हणायचे. मी म्हणतो. आपणच हाक मारायची आणि आपणच 'ओ' द्यायची.

लहानपणी या घरात ती झेलायला दहा-बारा तोंडं असत. चुली विझलेल्या, फळीवर पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यासमोर तेलाचा दिवा, आणि खाली चटईवर आम्ही सगळे गुडघे टेकून. पहिला अर्धा आत्याचा. तिच्या हातात तो अधिकार कसा आला देव जाणे, पण माझी आजीसुद्धा तिच्या मागून म्हणायची. माझ्या बाजूला इग्गू. इग्गू म्हणजे इग्नेशियस, माझा चुलत भाऊ, आता कॅनडात असतो. माळेत दहा-दहा प्रार्थनांची पाच दशकं असतात, तिसऱ्या दशकापर्यंत त्याची मान खाली गेलेली असायची. गंमत अशी की झोपेतही त्याचा दुसरा अर्धा चुकायचा नाही. आत्या टाकायची, इग्गू घोरत घोरत झेलायचा. आत्या म्हणायची, "हा मेला स्वर्गातसुद्धा झोपेतच जाणार!" आणि दादा लोक तोंडावर हात ठेवून हसायचे.

रोझरी संपली की मेलेल्यांची नावं. एकेक नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी एक 'नमो मारिये'. आम्हा पोरांना तो भाग म्हणजे शिक्षा. भूक लागलेली, माशाच्या कालवणाचा वास येतोय, आणि आत्याचं आपलं चालूच, कैतानसाठी, रोझूसाठी, आणखी कुणासाठी. ही कोण माणसं हे कुणी विचारलं नाही. कालवण लवकर मिळावं एवढीच त्यांच्याबद्दलची आमची इच्छा होती.

निवृत्तीनंतर मला वंशावळीचा नाद लागला. लोकांना वाटतं हे छान शांत काम आहे. अहो, डोक्याला ताप आहे! चर्चच्या ऑफिसात जुनी बुकं आहेत, बाप्तिस्म्याची वेगळी, लग्नाची वेगळी, मेलेल्यांची वेगळी. फादर भला माणूस, आठवड्यातून एक सकाळ बसू द्यायचे. पण आमच्यात थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायची रीत. त्यामुळे इनासचा पास्कू, पास्कूचा इनास, त्या इनासचा परत पास्कू. आमच्या घराण्यात दोनच माणसं आळीपाळीने जन्माला येत राहिली असं त्या बुकांवरून वाटावं. त्यात पोटनाव कुणी लिहिलेलं नाही. हा इनास चिंचेखालचा की तळ्यावरचा हे ओळखायला गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायचं, त्यांच्या गुडघेदुखीची हकीकत ऐकायची, चहा प्यायचा, आणि शेवटी ते सांगणार, "दोघंही असतील."

बाहेरगावचे लोक विचारतात, कबरींवर नावं नसतात का? असतात, थोडे दिवस. आमच्या दफनभूमीत जागा केवढी? कबर कुणाच्या मालकीची नसते. काही वर्षं गेली की तीच जागा उकरतात, आधीच्याची हाडं बाजूला जातात, लाकडी क्रूस कुजून जातो किंवा काढून ठेवतात, आणि नवा माणूस झोपतो. माझा आजोबा जिथे होता तिथे आज कुणा ओळखीच्यांची सून आहे. नोव्हेंबरात मी तिथेच मेणबत्ती लावतो. तिचे लोक आधी जरा चमकून बघायचे, आता सरकून जागा देतात.

तर ज्या नोव्हेंबराबद्दल मी बोलायला बसलो तो दोन वर्षांमागचा. घरात आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि माझी बिनलग्नाची आत्या. घरात तिला सगळे 'बाय' म्हणत, मीही पुष्कळदा बायच म्हणायचो. हातापायाने ती थकली होती, पण जीभ शाबूत. सकाळी केळफूल सोलत बसायची, दुपारी उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारायची. कानाने मात्र कमी ऐकायची, किंवा तिला हवं तेवढंच ऐकायची. रोझरीला ती तसबिरीखाली खुर्चीवर आणि मी बाजूच्या खोलीत संगणकापुढे. ती पहिला अर्धा म्हणायची, मी पलीकडून दुसरा. हातात माळ नाही, डोळे पडद्यावर, समोर पाच पिढ्यांचे चौकोन आणि रेघा.

मेलेल्यांच्या दिवशी संध्याकाळी दफनभूमीतून आलो, हातापायाला अजून चुना होता, आणि रोझरीनंतर ती नावं घेऊ लागली. त्या दिवशी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. इतकी वर्षं जिथून पळत होतो तिथे बुकातलं काही सापडेल अशी हाव सुटली, खोटं कशाला बोलू. मी मोबाईल तिच्यासमोर ठेवून आवाज भरून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे. आधी तिची खाकर, मग मागे कुणाच्या तरी वाडीतला पंप, मग ती.

"कैतानसाठी. रोझूसाठी. पाळण्यातल्या इसाबेलसाठी. खुळ्या जुझेसाठी. आंतोन गड्यासाठी. तेकलासाठी."

संपलं. मी वाट बघत राहिलो.

"बाय, अगं इनास राहिला," मी म्हटलं. ज्याने हे घर बांधलं तो पणजोबा इनास, माझ्या झाडाचं खोड. त्याचं नाव नाही! त्याच्या मुलाचं नाही, माझ्या आईबापाचंही नाही. मला वाटलं, गेली आत्याची आठवण. मोठमोठी माणसं विसरली आणि कुठला गडी लक्षात राहिला.

तिने माळ डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. "इनासला कशाला? अर्धं गिरीज त्याचं. त्याच्या नावाने घरोघरचे लोक चर्चमध्ये मिसा म्हणवून घेतात. तुझ्या आईबापाला तू आहेस."

"मग हे कोण?"

"ज्यांचं मागे कोणी नाही ते," ती म्हणाली. "कैतान बोटीवर गेला, आला नाही. लग्न ठरलं होतं त्याचं. रोझूचा नवरा तरणाताठा गेला, पोर नाही बाळ नाही, दिरांनी परत पाठवली, इथेच राबली. इसाबेल माझ्या पाठची, पाळण्यातून उतरलीच नाही. जुझे खुळा होता पण माझी वेणी घालून द्यायचा. आंतोन कुठून आला ते त्यालाच माहीत नव्हतं. यांचं नाव घेतं कोण? तू तुझ्या त्या झाडात घेतलंयस?"

घेतलं होतं, काहींना. चौकोनात नाव, आणि खाली रेघ नाही. संगणकावर अशा चौकोनाला पुढे काही जोडलं नाही की तो कडेला जाऊन बसतो. आंतोन गडी तर रक्ताचा नाही म्हणून नव्हताच. पण मला अडकवलं ते शेवटच्या नावाने. तेकला. हे नाव मी कुठल्याच बुकात आमच्या घराण्यात पाहिल्याचं आठवत नव्हतं.

"आणि तेकला कोण, बाय?"

ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली होती. भिंतीला धरून थांबली. "आहे एक. बिचारीचं कोणी नाही. तू पुढे नावं घेशील तेव्हा तिचं गाळू नकोस, एवढं कर."

"अगं पण कुणाची कोण?"

"भात लावायचाय," ती म्हणाली.

त्या अख्ख्या थंडीत मी तेकलाच्या मागे लागलो. मेलेल्यांची बुकं पुन्हा पहिल्यापासून काढली. सुना तपासल्या, कारण सुना दुसऱ्या गावातून येतात आणि त्यांची नावं वेगळी पडतात. मावळणींकडची, म्हणजे जुन्या आत्यांकडची, बाजू धुंडाळली. तळ्यावरच्या घराण्यात एक तेकला निघाली, पण तिला सात मुलं, तिच्या नातवाने मला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं. मागे कोणी नसलेली ती नव्हे. फादर म्हणाले, एखादी मोलकरीण असेल. एक म्हातारा म्हणाला, तापाच्या साथीत गेलेली एखादी असेल, तेव्हा माणसं घाईत पुरली, लिहायला कुणाला वेळ होता? मी घरी येऊन आत्याला सांगायचो, आज इथे शोधलं, आज तिथे शोधलं. ती कांदा चिरता चिरता ऐकायची. एकदा म्हणाली, "एवढी शोधाशोध केलीस, तिला बरं वाटलं असेल हो."

मला तेव्हा ते वाक्य नुसतंच गोड वाटलं.

संध्याकाळी मी बाजूच्या खोलीतून उठून तिच्यासमोर बसायला लागलो, हे मात्र त्या थंडीत झालं. तेकलाचा काही धागा मिळेल या आशेने का होईना. तिच्या पायाशी शेगडी, मी स्टुलावर, ती टाकायची, मी झेलायचो. मधेच ती पहिला अर्धा म्हणता म्हणता थांबायची आणि म्हणायची, "केळी उतरवायला झालीत, उद्या माणूस बघ," आणि परत जिथे सोडलं तिथून पुढे. देवाला याची सवय असावी. दाराच्या फटीतून गार हवा यायची, दिव्याची ज्योत एका बाजूला कलायची, ती हाताचा आडोसा धरायची. मला आता वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भरलेल्या संध्याकाळी त्याच. तेव्हा वाटलं होतं की मी काहीतरी शोधायला बसलोय.

पुढच्या पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, थोडं पडते म्हणाली, आणि उठली नाही. चर्चची घंटा वाजली, माणसं आली. आमच्याकडे माणूस गेलं की अख्खी आळी कामाला लागते, तुम्हाला काही सुचायच्या आत खुर्च्या येतात, पाणी येतं, कुणीतरी तुमच्या हातात चहा देतं. बायका रोझरी म्हणत होत्या. मी दाराशी उभा होतो. पाऊस पडत होता आणि पागोळ्यांखाली चपलांचा ढीग भिजत होता.

तेवढ्यात दारासमोर रिक्षा थांबली. आतून यमूमावशी उतरली, नातवाच्या खांद्याला धरून. आमच्या शेजारची वाडी पूर्वी तिच्या माहेरची होती, वाडवळ लोक, बागाईतदार. वाडी विकली गेली आणि ती आता मुलाकडे आचोळ्याला चौथ्या मजल्यावर असते, खाली उतरणं होत नाही म्हणून कित्येक वर्षांत आली नव्हती. आत्याच्या वयाची. मला तिने ओळखलं नाही. सरळ आत गेली. रोझरी म्हणणाऱ्या बायका जरा सरकल्या. ती शवपेटीशेजारी बसली, आत्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"तेकले, अगं माझी वाट तरी बघायची होतीस गं. तेकले…"

बायकांनी पहिला अर्धा टाकला, तो झेलायचं मी विसरलो. कुणीतरी पाणी आणलं. लोकांना वाटलं दुःखाने विसरला.

नंतर, सगळं आटोपल्यावर, यमूमावशीने सांगितलं. सांगण्यासारखं काही विशेष आहे असंही तिला वाटत नव्हतं. बाप्तिस्म्याचं नाव तेकला. लहानपणी दोघी विहिरीवर, वाडीत, चिंचेखाली एकत्र. शाळेत घातलं तर पोरं चिडवायला लागली, "तेकला, ढेकला." ही रडत घरी आली, बापाने जाऊन शाळेत फिलोमिना लिहून दिलं. घरात बाय होतीच. तेकला फक्त यमूने ठेवली, दोघींच्या दोघींत. "चार माणसांत मीपण बायच म्हणायची," यमूमावशी म्हणाली. "आज कुणाला भ्यायचं?"

मी यमूमावशीला विचारायला कधी गेलो नव्हतो. आमच्या घराण्याचं तिला काय माहीत असणार? ती ना आमच्या रक्ताची, ना आमच्या धर्माची. माझ्या झाडात आत्याच्या चौकोनात फिलोमिना लिहिलं होतं, आधारकार्डावर होतं म्हणून. गावातल्या मेलेल्या सगळ्या माणसांच्या नोंदी मी बुकात ताडून पाहिल्या आणि जी समोर बसून मला चहा करून देत होती तिची पाहिली नाही. कशाला पाहायची? ती तर समोरच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. तेकलाला मी मेलेल्यांच्या बुकात शोधत होतो आणि ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नंतर बाप्तिस्म्याचं बुक काढलं. होतीच, कितीदा तरी माझ्या बोटाखालून गेलेल्या पानावर.

याला वर्ष होऊन गेलं. पण एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. "बिचारीचं कोणी नाही," असं ती म्हणाली. माझ्या तोंडावर! मग मी कोण होतो? मी कित्येकदा रिकाम्या खुर्चीला विचारलंय, अगदी भांडल्यासारखं. बाय, मी होतो ना गं घरात? औषधं मी आणायचो, भात मऊ हवा की मोकळा हे मला माहीत होतं. मला राग येतो, आणि मग रडू येतं, आणि मग मीच उठून चहा करतो. एवढं खरं की हिशोब तिचा बरोबर होता. ती मुलंबाळं मोजत नव्हती, तोंडं मोजत होती. बस्त्याव आहे तोवर माझं नाव घेईल, पण बस्त्यावच्या मागे कोण? आमच्या घरात दिवा लावायला पुढे कोणी नाही हे तिला माझ्याआधी दिसलं होतं. म्हणून तिने वाट बघितली नाही. जिवंतपणीच स्वतःला त्या नावांत बसवून घेतलं, आंतोन गड्याच्या बाजूला. किती वर्षं ती स्वतःसाठी अशी प्रार्थना करत होती कुणास ठाऊक. आणि मी पलीकडच्या खोलीतून ती झेलत होतो, कुणासाठी ते न कळता.

या वर्षी नोव्हेंबर लागला तोच एक मोठं खोकं घेऊन. कॅनडाहून इग्गूने पाठवलं. माझ्या वंशावळीची सगळी माहिती त्याने मागवली होती, तिकडे मुलांनी ती सुंदर छापून घेतली, फ्रेम केली, एक त्यांच्या हॉलमध्ये आणि एक या मूळ घरासाठी. काम देखणं होतं, यात वाद नाही. खाली इनास, त्यातून जाड खोड, फांद्या, पानांवर नावं. मी चष्मा लावून बघत गेलो. इग्गू, त्याची मुलं, नातू, शेंड्यापर्यंत. मग मी माझ्या बापाची फांदी धरून वर गेलो. बापाच्या नावाशी फांदी संपत होती. मी नव्हतो. आत्या नव्हती. कैतान, रोझू, इसाबेल, जुझे, कोणी नव्हतं. झाड इतकं नेटकं दिसत होतं की त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलंही नसतं.

मी ती फ्रेम भिंतीला पाठ करून उभी करून ठेवली. खिळा ठोकायला हात उठेना.

मेलेल्यांच्या दिवशी संध्याकाळी दफनभूमीतून आलो. आत्याच्या कबरीवरचा क्रूस अजून नवा आहे. त्यावर मी तेकला लिहवून घेतलंय, आणि गावातली माणसं थांबून विचारतात, ही कोण? हातपाय धुतले, दिवा लावला, माळ घेतली. पहिला अर्धा म्हटला, दुसरा म्हटला. माळेची दोन दशकं झाली असतील, तोच फोन वाजला. इग्गू. त्यांच्याकडे सकाळ असते.

"पोचलं का रे? कसं वाटलं? बोलला नाहीस काही."

"पोचलं," मी म्हटलं. "आम्ही नाही त्यात."

तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "अरे, ते… पोरांनी बनवलं. ज्यांची पुढे फांदी नाही ते काढले, फ्रेममध्ये बसेना रे सगळं. वाईट वाटून घेऊ नकोस, बस्त्याव. संगणकात आहेत ना सगळे."

वाईट हेतू नव्हता त्याचा. मला माहीत आहे तो कसा आहे. मी म्हटलं, "रोझरी चाललीय, नंतर बोलू."

"अजून म्हणतोस? एकटाच?"

"मग काय दुकटा?"

"ठेवू नकोस फोन," तो म्हणाला. "राहू दे तिथेच. म्हण तू."

मी मोबाईल तसबिरीखाली टेकवून ठेवला, जिथे पूर्वी आवाज भरायला ठेवला होता. 'नमो मारिये' म्हणालो आणि सवयीने पुढचंही म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्याआधी तिकडून आलं. 'पवित्र मारिये…' अडखळत, एक शब्द मागेपुढे होत, पण आलं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचा आवाज, आणि त्याच्या तळाशी तोच तो चटईवरचा झोपाळू पोरगा. मी पुढचं टाकलं. त्यापुढचं टाकलं. मी टाकलेलं एकही तो सोडत नव्हता.

दशकं संपली. मी म्हणालो, "आता नावं."

"बायची नावं?" तो म्हणाला. "कालवण गार व्हायचं त्यात. घे."

कैतानसाठी. रोझूसाठी. पाळण्यातल्या इसाबेलसाठी. खुळ्या जुझेसाठी. आंतोन गड्यासाठी. प्रत्येकाला त्याने दुसरा अर्धा दिला. मग मी म्हटलं, "तेकलासाठी."

"तेकला कोण?"

"आपली बाय."

त्याने दुसरा अर्धा म्हटला, आधीपेक्षा हळू, पण शेवटपर्यंत.

"झालं?" त्याने विचारलं.

बाहेर कुणाच्या वाडीतला पंप बंद झाला. दिव्यात तेल थोडं होतं, तेवढं पुरलं असतं.

"एक राहिलंय," मी म्हटलं. "बस्त्यावसाठी."

"अरे, वेडा आहेस का?" इग्गू तिकडून ओरडला. "तू जिवंत आहेस की!"

"तीही होती," मी म्हटलं, आणि पहिला अर्धा म्हणून थांबलो. दुसरा मी म्हटला नाही. ज्योत एका बाजूला कलली, मी हाताचा आडोसा धरला, आणि मग पलीकडून सुरू झालं, 'पवित्र मारिये…'